अवकाशाचं दार अकरावीत बंद होतं

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं तेव्हा आपण सगळ्यांनी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ २ सप्टेंबरला सूर्याचा अभ्यास करायला ‘आदित्य एल-१’ निघालं आणि ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोहोचलं. त्याच्या प्रकल्प संचालक निगार शाजी या तमिळनाडूतल्या सेनकोट्टाईसारख्या लहान गावातून आलेल्या. पुढे २०२५ च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात राहून आले.

अशी बातमी आली की आमच्या खोपटच्या अभ्यासिकेत एक प्रश्न हमखास येतो. एस.टी. स्टँडच्या आसपासच्या चाळी-सोसायट्यांमधल्या आया मुलीला न्यायला येतात आणि हळूच विचारतात, “ताई, आमच्या हिला अवकाशातलं काहीतरी शिकायचंय. त्याला काय लागतं?”

मी स्वतः कलाशाखेची पदवीधर. चूल-मूल सांभाळून मंडळाचं काम करणारी. पण विचारलेल्या प्रश्नाला ‘मला काय माहीत’ म्हणून मोकळं व्हायचं नाही, हा आमच्या मंडळाचा नियम आहे. म्हणून चौकशी केली, माहितीपत्रकं वाचली, शिकवणाऱ्यांना भेटले. त्यातून जे कळलं ते इथे मांडते. एक गोष्ट आधीच सांगते. एम.एस्सी.च्या प्रवेशाच्या ज्या अटी कागदावर छापलेल्या असतात, त्या आपल्या मुलींना अवघड जात नाहीत. अवघड जातात त्या आपण घरात बसून घातलेल्या अटी.

हा विषय तरी कसला?

‘अवकाश’ म्हटलं की आपल्याला रॉकेट आठवतं. पण रॉकेट बनवणं हे इंजिनीअरचं काम. ताऱ्यांचा, आकाशगंगांचा अभ्यास म्हणजे खगोलभौतिकी. आणि सूर्यापासून पृथ्वीपर्यंतच्या मधल्या जागेत काय चालतं याचा अभ्यास म्हणजे अवकाश भौतिकी, स्पेस फिजिक्स. सूर्यावरून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो. पृथ्वीचं चुंबकत्व त्याला छत्रीसारखं अडवतं. कधी सूर्यावर मोठा उद्रेक झाला की ही छत्री हेलकावे खाते. त्याला चुंबकीय वादळ म्हणतात. अशा वादळात उपग्रह बिघडू शकतात, रेडिओ संदेश अडतात, थंड देशांत वीजपुरवठाही कोलमडतो. १९८९ साली कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात अशाच वादळाने काही तास अंधार झाला होता. मे २०२४ मध्ये असंच जोरदार वादळ आलं, तेव्हा लडाखमधल्या हानले इथल्या आकाशात लाल प्रकाश दिसला होता.

आणि हा विषय काही परदेशातून आलेला पाहुणा नाही बरं का! १८५९ च्या सप्टेंबरात पृथ्वीवर आलेलं चुंबकीय वादळ आजवरच्या ज्ञात मोठ्या वादळांपैकी एक मानतात. त्याची मोलाची नोंद आपल्या मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेत झाली होती. माणसांनी डोळ्यांनी काटे बघून वहीत उतरवलेली. २००३ साली ज्या चौघा शास्त्रज्ञांनी त्या जुन्या नोंदींवरून वादळाची ताकद मोजली, त्यात आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे जी. एस. लखीना आणि शोभना अॅलेक्स हे दोघे होते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांचा चुंबकीय उपकरणांना त्रास होईल, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे काम अलिबागला हलवलं गेलं. तिथल्या खोल्या बांधताना लोखंड टाळलं होतं. आज या संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे. म्हणजे ठाण्याहून पनवेल लोकल पकडली की झालं. आपल्या मुलींना नासा माहीत असतं आणि पनवेल माहीत नसतं!

कागदावरच्या अटी

‘स्पेस फिजिक्स’ अशी पाटी लावलेली एम.एस्सी. आपल्या देशात मोजक्याच ठिकाणी आहे. बहुतेक मुली एम.एस्सी. फिजिक्स करतात आणि पुढे पीएच.डी.ला अवकाशाचा विषय घेतात. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. शेजारीच जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये उभी केलेली ‘आयुका’ आहे. आदित्यवरची सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारी दुर्बीण तिथेच तयार झाली. इंदूरच्या आय.आय.टी.त खगोलशास्त्राची एम.एस्सी. आहे.

आय.आय.टी.च्या एम.एस्सी.साठी ‘जॅम’ नावाची परीक्षा असते. ती २००४ पासून चालू आहे. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरायचा, परीक्षा फेब्रुवारीत. तीन तास, १०० गुण, ६० प्रश्न, सगळं इंग्रजीत आणि संगणकावर. फिजिक्सच्या पेपरात गणिती पद्धती, यांत्रिकी, वीज-चुंबकत्व, उष्णता, प्रकाश, आधुनिक भौतिकी असे बी.एस्सी.चेच विषय. मुलींना फी सवलतीची असते.

आता महत्त्वाचं ऐका. या परीक्षेला वयाची अट नाही. ‘लग्न झालंय का’, ‘मूल आहे का’ हे प्रवेशाच्या अटींत कुठेही बसत नाही. बी.एस्सी. होऊन पाच वर्षं घरी बसलेली सूनही अर्ज भरू शकते.

मग अट काय? बी.एस्सी.ला फिजिक्स पुरेसं शिकलेली हवी आणि गणितही. एम.एस्सी. फिजिक्ससाठी पदवीला फिजिक्स किमान दोन वर्षं आणि गणित किमान एक वर्ष, अशा धर्तीची अट असते. बी.एस्सी.ला गणित मिळायचं तर ते बारावीला असावं लागतं. आणि बारावीला असायचं तर अकरावीला घ्यावं लागतं. म्हणजे एकविसाव्या-बाविसाव्या वर्षीच्या प्रवेशाचा निकाल पंधराव्या-सोळाव्या वर्षी लागलेला असतो, तोही घरातल्या दिवाणावर.

घरातल्या अटी

आमच्या अभ्यासिकेतली एक मुलगी सांगते. वडील रिक्षा चालवतात, आई डबे करते. दहावीला चांगले मार्क पडले. अकरावी सायन्सला अर्ज भरताना घरात चर्चा झाली. “गणित कशाला? मुलीच्या जातीला बायोलॉजी बरं. डॉक्टर नाही तर नर्सिंग, फार्मसी काहीतरी होईल.” क्लासवाल्याने तर सांगितलं, गणित सोडलं तर टक्केवारी वाढेल. झालं! तिने गणित सोडलं. पुढे बी.एस्सी.ला असताना आदित्यची बातमी वाचून ती झपाटल्यासारखी झाली. चौकशीला गेली तेव्हा पहिलाच प्रश्न आला, “गणित होतं का?” हुशार मुलगी, मेहनती मुलगी. पण पुढच्या रांगेत उभं राहायचाही हक्क तिचा उरला नव्हता. आज ती लॅबमध्ये नोकरी करते, घराला हातभार लावते, त्यात काही कमी नाही. पण निवड तिने केली नव्हती, हे ती विसरत नाही.

ही एकटीची गोष्ट असती तर लेख लिहिला नसता. दर जूनमध्ये हे आमच्यासमोर घडतं. मुलगा असेल तर “गणित ठेव, इंजिनीअरिंगला लागेल” आणि मुलगी असेल तर “झेपेल का?” मार्क दोघांचे तेच असतात.

दुसरी घरातली अट म्हणजे लांब नको. पुणे लांब, इंदूर तर फारच लांब. पण तीच मुलगी लग्न होऊन सुरतेला किंवा दुबईला गेली तर ते लांब नसतं. तिसरी अट खर्चाची. दोन भावंडांत पैसा एकालाच पुरणार असेल तर तो कोणाला, हे बहुतेक घरात न बोलता ठरलेलं असतं.

पूर्वी अशा अटी संस्थाच घालत होत्या. १९३३ साली मुंबई विद्यापीठात अव्वल आलेली कमला भागवत बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मागायला गेली. दुर्गाबाई भागवतांची ही बहीण, पुढे कमला सोहोनी. संचालक होते नोबेल मिळवलेले सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी नाकारलं. तिने हट्ट सोडला नाही तेव्हा प्रवेश दिला, पण वर्षभर काम पाहू आणि मगच नियमित विद्यार्थिनी समजू, अशा अटींवर. तिने त्या पाळल्या, काम करून दाखवलं आणि १९३९ मध्ये केंब्रिजहून पीएच.डी. घेऊन आली. पण एक विसरू नका. तिच्या घरी वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले होते. संस्था नाही म्हणत होती तेव्हा घर हो म्हणत होतं. आज नेमकं उलटं झालंय. संस्था हो म्हणते आणि घर ‘बघू’ म्हणतं.

मग आपण काय करायचं?

पहिलं, अकरावीला जिला फिजिक्समध्ये थोडी जरी गोडी आहे तिचं गणित सोडवू नका. बायोलॉजीही ठेवायची असेल तर फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी असे चारही विषय घेता येतात. ओझं वाढतं खरं, पण दोन्ही दारं उघडी राहतात.

दुसरं, बी.एस्सी.चं. नव्या शैक्षणिक धोरणात ‘मेजर’ आणि ‘मायनर’ विषय निवडायचे असतात. मेजर फिजिक्स घेतलं आणि मायनर म्हणून सोपा वाटला तो विषय उचलला, असं करू नका. मायनर गणित ठेवलेलं बरं. तीन वर्षांनी पदवी घेतली तर एम.एस्सी. दोन वर्षांची, चौथं वर्ष केलं तर एका वर्षाच्या एम.एस्सी.ची वाट निघते. कॉलेजला हे आधीच विचारून घ्या. ठाण्यात बांदोडकर, कल्याणला बिर्ला अशी सायन्सची कॉलेजं आपल्या हाताशी आहेत. पदवीपर्यंत तरी घर सोडायचा प्रश्नच नाही.

तिसरं, बारावीनंतर थेट पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रमही असतो. मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाने २००७ मध्ये मिळून काढलेलं केंद्र कालिन्याच्या आवारात आहे. त्यासाठी ‘नेस्ट’ परीक्षा द्यावी लागते. पुण्याच्या ‘आयसर’साठी वेगळी परीक्षा आहे.

चौथं, कागदपत्रं. इथे आपल्या बायकांचं फार अडतं. मार्कशीटवर एक नाव, आधारवर दुसरं स्पेलिंग, लग्नानंतर तिसरंच. अर्जाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा आधीच एकसारखं करून घ्या. केंद्राच्या संस्थांना ओबीसीचा नॉन-क्रीमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का तेही बघा. सेतूमध्ये दाखला मागतानाच हे स्पष्ट सांगा.

पाचवं, पैसा. विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींसाठी केंद्र सरकारने २००८ मध्ये ‘इन्स्पायर’ योजना आणली. बारावी बोर्डात वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाला गेलेल्यांना त्यात वर्षाला ८० हजारांपर्यंतची तरतूद होती. ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षीची सूचना नीट वाचा. आणि ‘नासा कॅम्प’, ‘स्पेस सर्टिफिकेट’ म्हणून हजारो रुपये मागणाऱ्यांपासून जपून! हौस म्हणून पाठवायचं तर पाठवा, पण एम.एस्सी.चा प्रवेश ठरतो तो पदवीच्या विषयांवर आणि प्रवेश परीक्षेवर. तेच पैसे गणिताच्या चांगल्या शिकवणीला द्या.

परदेशाचंही विचारतात म्हणून सांगते. स्वीडनमध्ये किरुना या ध्रुवाजवळच्या गावात अवकाश भौतिकीची राष्ट्रीय संस्थाच आहे. पण स्वीडनने २०११ पासून आणि नॉर्वेने २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली. जर्मनीत बऱ्याच सरकारी विद्यापीठांत फी नाममात्र असते, मात्र नोव्हेंबर २०२२ पासून आपल्या मुलांना ‘एपीएस’ हे प्रमाणपत्र आधी काढावं लागतं. तिथेही इंग्रजीच्या परीक्षेबरोबर पदवीला यांत्रिकी किती शिकलात, विद्युतचुंबकत्व किती, गणित किती, हे मोजून बघतात. म्हणजे फिरून गाडी गणितावरच.

सगळ्याच मुलींनी अवकाश शास्त्रज्ञ व्हावं असं मी म्हणत नाही. नर्सिंग, फार्मसी, बँक, शाळा, सगळी कामं मानाची आहेत. मुलीने स्वतः नको म्हटलं तर गणित जरूर सोडावं. पण ते तिने म्हणावं. शेजारीण म्हणते म्हणून, क्लासवाला म्हणतो म्हणून किंवा आपल्याला शाळेत गणिताची भीती वाटायची म्हणून नव्हे. आपल्यापैकी कितीजणींनी ‘मुलींना काय करायचंय गणित’ हे ऐकलंय! ते पुढच्या पिढीच्या पदरात घालायचं कारण नाही.

दहावीचा निकाल लागला की पेढे वाटण्याआधी अर्धा तास काढा. मुलीला समोर बसवा, अकरावीच्या विषयांची यादी हातात घ्या आणि कोणता विषय सोडला तर पुढची कोणती दारं बंद होतात, ते तिच्यासोबत बसून लिहून काढा. घरात कोणाला हे जमत नसेल तर शाळेतल्या गणिताच्या बाईंना बोलवा. आमच्या मंडळाने निकालाच्या आठवड्यात असा एक दिवस ठेवायचं ठरवलंय. तुमच्या गावच्या महिला मंडळालाही हे सहज जमेल. एक सतरंजी, एक फळा आणि सायन्स शिकलेली एक सून किंवा लेक एवढंच लागतं.