'गारवा' आणि आमचे सोवळे

गणेशोत्सवाचे कार्यक्रम ठरविण्यासाठी भिलाईतील काही मराठी मंडळी एका संध्याकाळी जमली होती. त्या बैठकीत चार-पाच तरुण मुलामुलींचा एक अर्ज आला. 'गारवा' ह्या ध्वनिफितीतील गीते क्रमाने व मधल्या निवेदनासह सादर करण्याची परवानगी त्यांना हवी होती. अर्ज वाचून होताच एका वयोवृद्ध सद्गृहस्थांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि निर्णय देऊन टाकला, "हे पॉप आहे. आपल्या व्यासपीठावर अभंग होईल, नाट्यगीत होईल, भावगीत होईल. पॉप होणार नाही." इतरांनी माना डोलाविल्या. मुलांना 'गीतरामायणा'तील तीन गीते वाटून देण्यात आली. ज्या मुलीने हा सारा घाट घातला होता तिने आपले नाव मागे घेतले आणि उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी त्याच व्यासपीठावर ती एक हिंदी गीत गाऊन गेली. त्याला कोणीही हरकत घेतली नाही. ते हिंदी गीत पॉप होते की काय, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

मी त्या बैठकीत होतो आणि गप्प बसलो, हा माझा दोष. त्याची भरपाई म्हणून हे लिहीत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. 'गीतरामायणा'विषयी माझ्या मनात आदराखेरीज दुसरे काही नाही. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून त्याचे पहिले गीत ऐकविले गेले आणि पुढे वर्षभर दर आठवड्यास एक नवे गीत, अशा क्रमाने ५६ गीते झाली. माडगूळकरांची रचना आणि सुधीर फडक्यांची चाल ह्यांविषयी नव्याने काही सांगावयाचे उरलेले नाही. परंतु आज ज्याला आपण परंपरा म्हणून हात जोडतो ते त्या वर्षी एक साहस होते, हे विसरून कसे चालेल? आदिकाव्य आठवड्याच्या हप्त्यांनी यंत्रातून घरोघर पोचवावयाचे, ही कल्पना कीर्तनाच्या फडात वाढलेल्या एखाद्या वृद्धास त्या काळी कशी वाटली असेल, ह्याचा विचार आमच्या सद्गृहस्थांनी करून पाहावा.

यंत्राचा विटाळ मानावयाचा तर भावगीतालाच सोयर धरावे लागेल. भावगीत हे तबकडीचे अपत्य आहे. तीन-सव्वातीन मिनिटांत कवितेचा जीव बसवावयाचा, ही शिस्त त्याला तबकडीने लाविली. मेहकरचे वकील ना. घ. देशपांडे ह्यांची 'शीळ' महाराष्ट्रभर घुमली ती गो. ना. जोशी ह्यांच्या ध्वनिमुद्रिकेमुळे. पुढे हेच जोशी ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीत अधिकारी झाले. तबकडी गेली, फीत आली. फीत गेली, आता सारे खिशातल्या फोनमध्ये आले. भांडे बदलले म्हणून दूध नासले असे कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप असा घेण्यात आला की, ह्या गीतांचे संगीतकार व गायक मिलिंद इंगळे हे 'ये है प्रेम'सारख्या हिंदी पॉपमधून आलेले, तेव्हा त्यांच्या चालींना मराठी मातीचा वास कोठून असणार? हा युक्तिवाद ऐकून मला हसू आवरले नाही. 'भाभी की चूड़ियाँ' ह्या १९६१च्या हिंदी चित्रपटाचे संगीत कोणाचे होते? त्याच सुधीर फडक्यांचे. त्यामुळे त्यांचे मराठीपण कोठे उणे झाले?

आणि मराठी मातीविषयी आपण, मराठी मुलखाबाहेर राहणाऱ्यांनी, जरा जपून बोलावे. ज्या भा. रा. तांबे ह्यांच्या कवितांवर मराठी भावगीत पोसले गेले, त्यांचे आयुष्य ग्वाल्हेरकडे गेले. 'शुक्रतारा' ज्यांच्या कंठातून घरोघर गेला ते अरुण दाते इंदूरचे, आणि कापडधंद्यातील अभियंते. म्हणजे आमच्यासारखेच नोकरदार. भावगीताची ही सारी पुंजी पुण्यामुंबईस जमली आणि तेथून आपल्याला प्रसादासारखी मिळाली, अशी समजूत करून घेऊन आपण येथे केवळ तिचे राखणदार होऊन बसलो आहोत. राखणदारास नवे पेरण्याचा अधिकार नसतो. आपण तो स्वतःहून सोडून दिला आहे.

आता प्रत्यक्ष गीतांकडे वळतो, कारण बैठकीत 'गारवा' ऐकलेले किती जण होते ह्याची मला दाट शंका आहे. मी स्वतः तोवर एकच गीत पुरते ऐकले होते. त्या रात्री घरी येऊन सारी ऐकली आणि त्यानंतर कितीदा ऐकली ह्याचा हिशेब ठेवलेला नाही.

गेल्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या ह्या ध्वनिफितीची गीते सौमित्र ह्यांची आहेत. अभिनेते किशोर कदम ते हेच. प्रत्येक गीताआधी ते स्वतः थोडे बोलतात. ह्या बोलण्यावर नाके मुरडली जातात: गाणे ऐकावयाचे की भाषण? पण निरूपणावाचून कीर्तन कोणी ऐकले आहे? बुवा आधी विषय मांडतात, श्रोत्यास त्या ठिकाणी आणून बसवितात आणि मग पद उचलतात. सौमित्र तेच करतात, फक्त उपरणे न घेता.

पहिल्या, म्हणजे 'गारवा' ह्याच नावाच्या गीतापूर्वीचे निवेदन उन्हाचे आहे. यंदाचा उन्हाळा गेल्या वर्षीहून कडक आहे असे दर वर्षी वाटणे, पाय चालत असून मनाने मागे थांबून जाणे, असल्या अगदी साध्या अनुभवांचे. ते ऐकताना मला भिलाईचा मे महिना आठवतो. पाळी संपवून ब्लास्ट फर्नेसच्या बाजूने बाहेर पडलेल्या माणसाला फाटकाबाहेरचे पंचेचाळीस अंशांचे ऊनदेखील घटकाभर थंड वाटते. पुढे सायकल सेक्टरकडे वळेपर्यंत ते पुन्हा ऊन होते. अशा माणसास पहिला गार वारा म्हणजे काय, हे मुंबईच्या समीक्षकाने शिकवावयास नको. निवेदनातून गीत असे अलगद सुरू होते की वारा नेमका कोणत्या क्षणी सुटला ते कळू नये. चाल अवघड नाही, तान नाही, पण शब्द आणि सूर एकमेकांच्या अंगावर रेलून चालतात. ह्या गीतातला पारवा ऐकून आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंनी विचारले, "परेवा?" छत्तीसगढीत तो परेवाच. दोघांचा मूळपुरुष संस्कृतातला पारावत. ज्या गीतातला पक्षी दुर्गच्या खेड्यातील बाईस न सांगता ओळखता येतो, ते गीत आमच्या व्यासपीठावर परके ठरले!

'पाऊस दाटलेला' हे माझ्या मते साऱ्यांत श्रेष्ठ. घरावर पाऊस भरून आला आहे आणि दाराशी कोणाच्या तरी हलक्या पावलांचा भास होतो आहे, एवढेच त्यात आहे. कोण येणार होते ते कवी सांगत नाही आणि संगीतकारही स्वर उंचावून ते वदवून घेत नाही. हा संयम जुन्या भावगीतातील उत्तम संयमाच्या जातीचा आहे. ह्याच गीतावरून त्या मुलीने आपल्या वडिलांना विचारले होते, "बाबा, दाटणे म्हणजे काय?" सेक्टरमधील क्वार्टरमध्ये जन्मलेली, शाळेत हिंदी व इंग्रजी शिकलेली ही मुलगी; मराठी ती वाचते ती हिंदीच्या बळावर, आणि 'ळ' आला की अडखळते. वडील अभियंते. त्यांनी सांगितले, ढग दाटतात. मग जरा थांबून म्हणाले, अंधार दाटतो. आणखी थांबून म्हणाले, कंठही दाटून येतो. वीस वर्षांत मुलीशी मराठी शब्दावर इतका वेळ बोललो नव्हतो, असे त्यांनी मला नंतर सांगितले. एका क्रियापदाने जे केले ते आमच्या मंडळींच्या निबंधस्पर्धांना साधलेले नाही.

'झाडाखाली बसलेले' हे खेळकर गीत आहे. आडोशाला थांबलेली माणसे आणि त्यांतले कोणाचे तरी रुसणे. ह्यापलीकडे त्याला काही सांगावयाचे नाही, आणि त्याने सांगूही नये. 'रिमझिम धून' व 'गार वारा हा भरारा' ही दोन्ही कानाला गोड लागतात, पण पहिल्या गीतात जे मिळाले तेच ती पुन्हा वाढतात. पंगतीतल्या तिसऱ्या आग्रहासारखी.

'पुन्हा पावसालाच सांगायचे' येथे मात्र कवी पुन्हा जागा होतो. कोणाच्या वाट्यास किती थेंब द्यावयाचे, हे पावसालाच विचारावे लागते, ही कल्पना वरवर लडिवाळ वाटते. पण धानाच्या ह्या प्रदेशात ती ऐकून पाहावी. शिवनाथेच्या काठच्या शेतकऱ्यासाठी तो काव्यालंकार नसून वर्षाचा जमाखर्च असतो. कवीला हे अभिप्रेत होते असा माझा दावा नाही. चांगले गीत ज्या गावी जाते तेथला अर्थ आपल्या अंगावर घेते, एवढेच.

आणि येथेच मला ह्या गीतांचे एक मोठे सामर्थ्य दिसते. ज्या गीतांचा मी उल्लेख केला, त्यांतील पावसाला पत्ता नाही. तो सह्याद्रीचा नाही, कोकणातला नाही, इंद्रायणीकाठचाही नाही. माझ्या पिढीने लहानपणी ज्या गावांचा पाऊस अंगावर घेतला ती गावे आमच्या मुलांनी सुट्टीत चार दिवस पाहिली असतील, नसतील. त्या गावांच्या गीतांनी आमचे डोळे भरतात आणि मुले आमच्याकडे पाहत बसतात. 'गारव्या'तला पाऊस सेक्टर सहाच्या गच्चीवरही पडतो. म्हणूनच मुलांना तो आपला वाटला.

दोष नाहीत असे नाही, आणि ते सद्गृहस्थांच्या आधी मीच सांगून टाकतो. सारी गीते एकाच ऋतूत व एकाच मनःस्थितीत भिजत असल्यामुळे पाठोपाठ ऐकता मन जड होते. प्रीती वयाच्या पंचविशीपलीकडे जात नाही. संसार, बदली, आजारपण, ह्यांचा वाराही तिला लागलेला नाही. वाद्यमेळात विजेवर चालणाऱ्या कळवाद्यांचा जो मऊ गिलावा सर्वत्र दिलेला आहे, तो त्या वर्षांची खूण म्हणून आज उघडा पडतो. निवेदने तिसऱ्या-चौथ्या श्रवणानंतर वगळावीशी वाटतात. पण हे सारे दोष भावगीताचेच आहेत. शिळ्या भावगीतातही चंद्र, चांदणे आणि सखी ह्यांची हीच गर्दी होती. आपण ती प्रेमाने विसरलो आहोत, आणि चाळणीतून उरलेली पन्नास गीते म्हणजेच सारे भावगीत असे मानून बसलो आहोत. नव्याला त्याच्या गाळासकट तोलावयाचे आणि जुन्याला गाळून तोलावयाचे, हा तराजू खोटा आहे.

कोणी म्हणेल, एका कार्यक्रमावरून एवढा कोलाहल कशासाठी? त्यांना मी जवळच्या राजनांदगावचे उदाहरण देतो. तेथील दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवीत होते. मराठी घरातला हा माणूस हिंदीचा थोर कवी झाला. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी झाले. एकाच घरातून दोन वाटा फुटल्या आणि दोन्ही भाषा धन्य झाल्या. हिंदीकडे जाणे हा अपराध नव्हे, आणि ज्या प्रदेशाचे अन्न आपण खातो त्याच्या भाषेचा दुस्वास करणे तर कृतघ्नपणाच होईल. रशियाच्या साह्याने येथे पोलादाचा कारखाना उभारण्याचा करार १९५५च्या फेब्रुवारीत झाला, तेव्हा ह्या दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. आपण येथे इतके परके कधी नव्हतोच. माझी तक्रार निराळी आहे. त्या दोघा भावांपुढे दोन्ही दारे उघडी होती, आणि ज्याने जी वाट धरली ती आपल्या मनाने धरली. आमच्या ह्या मुलीने हिंदी गीत निवडले नाही. मराठी दार आम्ही आतून लावून घेतले, म्हणून ती दुसऱ्या दाराने गेली. आणि कडी लावणारे हात मराठी भाषा बुडाली म्हणून दर वर्षी व्याख्यान ठेवणाऱ्यांचेच होते.

पुढील उत्सवाच्या बैठकीत तो अर्ज ह्या वेळी माझ्या सहीने येईल. सद्गृहस्थांविषयी मला आदर आहे. त्यांनी पेटीवर शिकविलेल्या अभंगांवर ह्या गावातील दोन पिढ्या वाढल्या आहेत. त्यांनी विरोध अवश्य करावा. फक्त ही सहा गीते ऐकून यावे, आणि शक्य झाल्यास त्या मुलीला सोबत पेटीवर साथ करावी. चाल काळी चारमध्ये बसते, तिने तपासून पाहिली आहे.