पाटकरी नसलेला फड

देवपूर हा धुळे शहराचा पांझरेपलीकडचा भाग. महाविद्यालये, वसतिगृहे, शिकवण्यांचे वर्ग आणि भाड्याच्या खोल्या यांनी तो गजबजलेला आहे. साक्री, शिरपूर, शिंदखेडा, नवापूर अशा ठिकाणांहून आलेली मुले येथे तिघा-चौघांत एक खोली घेऊन राहतात आणि रात्री जेवणे आटोपली की या खोल्यांतून गोळीबाराचे आवाज येऊ लागतात. घरमालकांना आता त्याची सवय झाली आहे. आमच्या स्टाफरूमला मात्र अजून झालेली नाही. यंदाच्या स्नेहसंमेलनात मोबाईलवरील खेळांची स्पर्धा ठेवावी, अशी मागणी विद्यार्थ्यांनी केली, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "ही पोरं शिवीशिवाय वाक्य पुरं करत नाहीत; त्यासाठी आता आपण मांडव घालून द्यायचा का?" बहुतेकांनी माना डोलावल्या. आम्ही डोलावल्या नाहीत. का नाही, ते येथे सविस्तर मांडण्याचा विचार आहे.

सहकाऱ्यांचे निरीक्षण खोटे आहे, असे आमचे म्हणणे नाही. खेळताना मुले एकमेकांशी जे बोलतात, ते आम्हीही ऐकले आहे. आमचा आक्षेप आहे तो त्यांनी काढलेल्या निष्कर्षावर. एका संध्याकाळी आम्ही आमच्याच एका विद्यार्थ्याच्या खोलीवर बसलो होतो. चौघांचा गट खेळत होता, चौघेही खोलीतलेच. "भाऊ, तुना मांगे शे," अशा अहिराणीत एकमेकांना सावध करणे चालले होते. कोणी चुकला तर हशा होई. मग एकाला घरून फोन आला आणि तो उठून बाहेर गेला. पुढच्या डावात त्याच्या जागी खेळाने कोठला तरी अनोळखी गडी जोडून दिला. मुले अशा गड्याला 'रँडम' म्हणतात. दहा मिनिटांच्या आत तीच तीन मुले त्या रँडमच्या आईबहिणीचा उद्धार करीत होती आणि तोही तितक्याच तत्परतेने परतफेड करीत होता. खेळ तोच, बंदूक तीच, मुलेही तीच. बदलले होते ते एवढेच की समोरचा माणूस पुन्हा कधीही भेटणार नव्हता.

या प्रसंगापुढे प्रचलित स्पष्टीकरणे कितपत टिकतात, ते पाहू.

पहिले स्पष्टीकरण असे की, हिंसक खेळ मुलांना हिंसक बोलायला शिकवतो. २०१९ साली एका अकरा वर्षांच्या मुलाच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात पबजीवर बंदी मागणारी जनहित याचिका दाखल झाली, तीत हाच धागा होता. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी हा खेळ बंद झाला, तोही वेगळ्याच कारणाने, म्हणजे चीनशी निगडित ॲपांवरील कारवाईत. २०२१ मध्ये तो नव्या नावाने परतला, २०२२ मध्ये पुन्हा बंद झाला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. या बंद-चालूने मुलांची भाषा सुधारल्याचे आम्हांला तरी आढळले नाही. आणि हिंसा हेच कारण असेल, तर बुद्धिबळाचे काय करायचे? ज्यात कोणी कोणाला बोटही लावत नाही, असा हा खेळ. नागपूरची दिव्या देशमुख २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्समधील वाईक आन झे येथील स्पर्धा खेळून परतली आणि तिने जाहीरपणे लिहिले की, प्रेक्षकांना तिच्या चालींपेक्षा तिचे कपडे, केस आणि उच्चार यांतच रस होता. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पुढे जुलै २०२५ मध्ये तिने महिला विश्वचषक जिंकला, म्हणून आज तिचे कौतुक चालले आहे. पण पटावर एकही गोळी न झाडता माणसे किती वाईट वागू शकतात, हे तिने त्याआधीच सांगून ठेवले होते.

दुसरे स्पष्टीकरण असे की, नाव झाकलेले असले की माणूस बेताल होतो. हे अधिक पटण्याजोगे आहे, परंतु अपुरे आहे. २०१२ साली 'जर्नी' नावाचा एक खेळ आला. त्यात वाळवंटातून चालताना एखादा अनोळखी सहप्रवासी भेटतो. खेळ संपेपर्यंत त्याचे नाव कळत नाही, बोलता येत नाही, फक्त घंटेसारखा एक स्वर काढता येतो. याहून अधिक अनामिकता ती कोणती? तरीही परक्याशी सौजन्याने वागायला लावणारा खेळ म्हणून त्याची ख्याती झाली. त्याचे रचनाकार जेनोवा चेन यांनी सांगितलेली हकीकत मोठी बोधप्रद आहे. सुरुवातीच्या आराखड्यात खेळाडूंना एकमेकांना ढकलता येत असे आणि माणसे मदत करण्याऐवजी एकमेकांना ढकलूनच देत. ढकलण्याची सोय काढून टाकल्यावर ती एकमेकांना सोबत करू लागली. माणसे तशीच होती. त्यांच्या हाती काय दिले, यावर त्यांचे वागणे ठरले.

तिसरे स्पष्टीकरण हा आमच्या मराठीच्या क्षेत्रातला मामला आहे: शिवी हाच रोग. असे म्हणणाऱ्यांनी सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात एकदा जाऊन यावे. सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि हातवारे करीत, वाद्यांच्या गजरात एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. हाच तो बोरीचा बार. तेथे शिवीला दिवस ठरलेला आहे, जागा ठरलेली आहे, मध्ये ओढा आहे आणि समोरची बाई कोणत्या गावची, हे ठाऊक आहे. म्हणून ती शिवी तेथे विधी होते, वैर होत नाही. देवपूरच्या खोलीत तोच शब्द जखम करतो, कारण त्याला काठ नाही.

मग सौजन्य टिकते कशाने? याचे उत्तर शोधायला आम्हांला फार दूर जावे लागले नाही. आमच्या पांझरेवर, विशेषतः साक्री तालुक्यात, फडबागायतीची काही शतकांची परंपरा आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालील जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एका हंगामात एकाच जातीचे पीक. शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसते. बहुधा प्रत्येक फडात त्याचा थोडाथोडा तुकडा असतो. पाणी सोडणारा पाटकरी वेगळा असतो आणि तो गावाने नेमलेला असतो. शेतकऱ्याने स्वतः पाटाला हात लावायचा नसतो. तंटा झाला तर पंच तेथेच असतात.

जगात सर्वाधिक भांडणे पाण्यावरून होतात, असे म्हणतात. येथे तीच माणसे, तेच उन्हाळे आणि तेच तुटपुंजे पाणी असूनही ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालली. खानदेशी शेतकरी स्वभावाने संत होता, म्हणून ती चालली काय? मुळीच नाही. ती चालली, कारण आज ज्याचे पाणी तोडाल, त्याच्याच बांधाला उद्या तुमचा दुसरा तुकडा लागून होता; आणि पाटावर ज्याला जाब विचारता येईल, असा एक ओळखीचा माणूस उभा होता. एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते अशाच सामाईक व्यवस्थांच्या अभ्यासाबद्दल. टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा आढळल्या, त्या अशा: देखरेख करणारा माणूस वापरणाऱ्यांना बांधील असतो, शिक्षा चढत्या क्रमाने होते, तंटा स्वस्तात आणि जवळच मिटतो, आणि नियम करण्यात ज्यांना ते पाळायचे त्यांचा वाटा असतो. साक्रीच्या एखाद्या म्हाताऱ्या पाटकऱ्याला यातले काहीही नवीन वाटले नसते.

आता आमच्या मुलांच्या फडाकडे पाहा. सेकंदभरात चार अनोळखी माणसे एकत्र बांधली जातात. एकाच्या चुकीने चौघांची रँक घसरते. डाव संपताच सगळे कायमचे पांगतात. तक्रारीचे बटण आहे, पण त्या तक्रारीचे पुढे काय झाले, हे तक्रारदाराला क्वचितच कळते. पाटकरी कोठे आहे? तो दूरच्या कुठल्या तरी कचेरीत असेल, नाहीतर यंत्रच असेल. खेळाडूने सतत पुढचा डाव सुरू करावा, यात कंपनीचे हित असते; कोणी कोणाला ओळखावे, यात असतेच असे नाही. सौजन्य उगवू नये म्हणून याहून सोयीची रचना आम्हांला सुचत नाही.

मनात आणले तर कंपनीला रचना बदलता येते, याचाही पुरावा आहे. 'लीग ऑफ लेजेंड्स' हा खेळ शिवराळपणाबद्दल कुप्रसिद्ध होता. तो चालवणाऱ्या रायट कंपनीने प्रतिस्पर्धी संघाशी बोलण्याची सोय आपोआप चालू असायची, ती आपोआप बंद ठेवली. ज्याला बोलायचे, त्याने स्वतः ती चालू करावी, एवढाच बदल. वाईट बोलणे जवळजवळ एक तृतीयांशाने घटले. बोलण्याचे एकूण प्रमाण मात्र फारसे कमी झाले नाही. त्याच कंपनीच्या अभ्यासकांना असेही आढळले की, अपशब्दांचा फारच थोडा भाग सराईत टवाळखोरांकडून येतो. बहुतांश भाग एरवी नीट वागणाऱ्या माणसांच्या वाईट दिवसांतून येतो. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हे वाक्य कृपया पुन्हा वाचावे. 'वाईट मुले' हुडकून काढण्याची त्यांची सारी भिस्त यामुळे कोसळते.

येथपर्यंत आमची बाजू आम्हांला सोपी गेली. पुढचा भाग तितका सोपा नाही.

फडाची आठवण काढताना एक गोष्ट लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या व्यवस्थेत मत होते जमीनधारकाला. शेतात राबणाऱ्या मजुराला आणि बाईला तेथे विचारत कोण होते? तंटा झाला नाही म्हणजे सर्व ठीक होते, असे म्हणता येत नाही; कधी कधी ज्याला तंटा करायचा त्याला तोंडच नसते. खेळांच्या बाबतीतही हेच घडते. आमची एक विद्यार्थिनी उत्तम खेळते, पण मुलाच्या नावाने आणि माइक बंद ठेवून. "मी खेळते छान, फक्त बोलत नाही," असे तिने आम्हांला सांगितले, तेही अगदी सहज. तिच्या गटात शिवीगाळ होत नाही. त्या गटाला सौजन्यशील म्हणायचे काय?

आणि ज्या मुलाच्या खोलीवर आम्ही बसलो होतो, त्याची गोष्ट याहून बोचरी आहे. त्याच्या तोंडचे 'शे' ऐकून एका पुणेरी वळणाच्या रँडमने त्याला गावंढळ म्हणून हिणवले आणि त्याने महिनाभर माइक लावला नाही. हे सांगून तो हसला आणि म्हणाला, "सर, तुमच्या वर्गात पण मी पहिलं वर्षभर बोललो नव्हतो." आम्हांला आठवले. त्याच्या 'मना' आणि 'तुना' आम्ही भर वर्गात दुरुस्त केल्या होत्या, आणि वर्ग हसला होता. आमच्या हातात मोबाईल नव्हता, आम्ही अनामिक नव्हतो, आमच्या तोंडी अपशब्दही नव्हता. आमचा वर्ग मात्र फार शांत असे आणि त्या शांततेचा आम्हांला अभिमान होता.

म्हणून सौजन्याची आमची कसोटी आता बदलली आहे. तेथे शिव्या किती दिल्या जातात, हा प्रश्न दुय्यम. नवखा, मुलगी, वेगळ्या बोलीचा मुलगा तेथे आपल्या नावाने, आपल्या आवाजात बोलू शकतो काय, हा प्रश्न पहिला. या कसोटीला काही स्टाफरूमही उतरायच्या नाहीत.

स्पर्धेबाबत आमचा प्रस्ताव असा. संघ आदल्या दिवशी जमवलेले नकोत; जे चौघे सत्रभर एकत्र खेळतील, त्यांचाच संघ धरावा. प्रत्येक फेरीला खेळाडूंनीच दोन पाटकरी निवडावेत आणि पुढच्या फेरीला ते बदलावेत. पहिल्या चुकीला समज, दुसरीला एक डाव बाहेर, तिसरीला स्पर्धेबाहेर. आणि निर्णय त्याच दिवशी, कारणासह, सर्वांसमोर सांगावा. माइक सर्वांचे उघडे राहतील. अहिराणी चालेल, पावरी चालेल, भिलोरी चालेल. नियमांचा मसुदा मुलेच करतील. त्यात मुली असतीलच. आमचे काम प्रेक्षकांचे आणि तंटा विकोपाला गेलाच, तर पंचांचे.

हे फसू शकते. फसले तर स्टाफरूममध्ये त्याचा जाब आम्ही देऊ, कारण जाब देणारा ओळखीचा माणूस समोर असावा, हेच तर आम्ही येथे सांगत आहोत. पण बंदीचा ठराव मांडण्यापूर्वी ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एक संध्याकाळ त्या खोलीवर येऊन बसावे, अशी आमची विनंती आहे. मुले चहा चांगला करतात.