गुळवेल आणि यकृत

कडुलिंबावर चढलेली गुळवेल आदिलाबाद जिल्ह्यात कुणाला बोट करून दाखवावी लागत नाही. जैनथ, बेला या भागांतील मराठी घरांत ती गुळवेल, तेलुगू शेजाऱ्यांच्या तोंडी तिप्पतीगा आणि संस्कृतात गुडूची किंवा अमृता. रावणवधानंतर इंद्राने अमृताचा वर्षाव करून वानरसेनेला उठविले आणि त्या वेळी जे थेंब भूमीवर पडले त्यांतून ही वेल उगवली, अशी कथा भावप्रकाशात आहे. चरकसंहितेत मेध्य रसायनांच्या चौकडीत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध आणि शंखपुष्पी यांच्या पंक्तीला गुडूचीचा मान आहे. जुन्या तापावर गुळवेलीचे सत्त्व द्यावे हे आमच्या आज्यांना कुणी शिकविलेले नव्हते. ते त्यांना ठाऊकच होते. हिरवे खोड ठेचून रात्रभर पाण्यात भिजवायचे, हाताने कुसकरून चोथा काढून टाकायचा, तळाशी बसणारे पांढरे पीठ पुनःपुन्हा धुऊन सावलीत वाळवायचे. आठ दिवसांचा खटाटोप आणि हाती येणार चिमूटभर सत्त्व. त्या चिमटीमुळेच मात्रेला आपोआप आळा बसे, ही गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, करोनाच्या साथीत या वेलीचे भाग्य उजळले आणि त्याच वर्षी तिच्यावर आळही आला. ६ ऑक्टोबर २०२० रोजी केंद्र शासनाने आयुर्वेद व योग यांवर आधारलेली करोनाविषयक उपचारपद्धती प्रसिद्ध केली. प्रतिबंधासाठी गुळवेलीच्या घनवटीची ५०० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा कोमट पाण्याबरोबर, पंधरा दिवस अथवा एक महिना घ्यावी, असे तीत सुचविले होते. 'एक महिना' हे शब्द लोकांनी वाचले की नाही, कोण जाणे. आमच्या गावात तरी ज्याच्या कुंपणाला वेल होती त्याच्या दारी सकाळी माणसे उभी राहू लागली. शाळेच्या आवारातील लिंबावरची वेल तर तीन महिन्यांत हाताला लागेल तिथपर्यंत सोलून निघाली. एक पालक आम्हांला म्हणाले, "गुरुजी, झाडपाल्याचं औषध आहे, गुण नाही आला तर अपाय तरी नाही." हे वाक्य आम्ही इतक्या जणांकडून इतक्या वेळा ऐकले आहे की, ते एकदा तपासून पाहावे असे आम्हांला वाटले.

आधी गुळवेलीच्या बाजूने जे बोलायचे ते बोलू, कारण ते थोडेथोडके नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वेलीवर वर्षानुवर्षे काम केले. मराठी वाचकांना डहाणूकरबाई परिचित आहेत त्या झाडाफुलांवरील रसाळ लेखनामुळे. पण त्या औषधशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या, आणि वैद्यांचे म्हणणे प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासून पाहण्याचा त्यांचा आग्रह होता. १९९३ साली या गटाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. कर्करोगामुळे पित्तमार्ग अडून कावीळ झालेले ३० रुग्ण त्यांनी निवडले. अशा रुग्णाची पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची व मारण्याची शक्ती खालावलेली असते, आणि शस्त्रक्रियेनंतर तो कावीळीपेक्षा जंतुसंसर्गानेच दगावतो. रुग्णांचे दोन गट पाडले. दोघांनाही नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला त्याशिवाय गुळवेल. नेहमीच्या उपचारांच्या गटात निम्म्या रुग्णांच्या रक्तात जंतुदोष पसरल्याची लक्षणे दिसली, गुळवेल घेणाऱ्यांत एकाच्याही नाही. पहिल्या गटातील ४० टक्के रुग्ण शस्त्रक्रियेनंतर जगले, दुसऱ्यातील ९२ टक्क्यांहून अधिक. ३० ही संख्या लहान आहे हे खरे. तरीही ज्याला आपण आजीबाईचा बटवा म्हणून हसतो, त्यातील एका पुडीने अशी परीक्षा दिली आहे, हे आयुर्वेदाची टवाळी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

मात्र या निबंधात एक बाब नीट पाहण्यासारखी आहे. दोन्ही गटांचे यकृत सारखेच सुधारले होते. फरक पडला तो पांढऱ्या पेशींच्या शक्तीत. म्हणजे गुळवेल शरीराच्या राखणदाराला जागे करते. आणि नेमक्या याच गुणातून पुढची कथा सुरू होते.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतील यकृततज्ज्ञ डॉ. आभा नगराळ यांच्याकडे कावीळ व यकृताला सूज असलेले काही रुग्ण आले. नेहमीच्या विषाणूंच्या तपासण्या केल्या, कारण सापडेना. खोदून विचारल्यावर कळले की, सारेजण प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेल घेत होते. अशा सहा रुग्णांची हकीकत २०२१ साली यकृतविषयक वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. यकृताचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच यकृतावर उलटते त्या विकाराशी जुळणारे चित्र दिसले.

हे कसे घडत असावे? आमच्याकडे कापसाच्या आणि ज्वारीच्या शेतात रानडुकरांसाठी राखण बसवितात. राखणदार झोपाळू असला तर पीक जाते, म्हणून त्याला चहा पाजून जागे ठेवणे योग्यच. पण ज्याला मुळातच अंधारात आपला बैल आणि परके डुक्कर यांतला भेद कळत नाही, त्याला अधिक चेतविले तर काठी बैलाच्याच पाठीत बसणार. काही माणसांच्या अंगी हा दोष सुप्त असतो. थायरॉइडचे काही विकार, संधिवाताचे काही प्रकार, कोड यांच्या मुळाशी तोच असतो. अशा देहाला प्रतिकारशक्ती वाढविणारे औषध महिनोन् महिने पाजले, तर झाकलेला विकार उघडा पडू शकतो, असे यकृततज्ज्ञांचे म्हणणे. सर्वांना असे होत नाही. कोट्यवधी लोकांनी काढा प्यायला आणि त्यांतील बहुतेकांना काहीही झाले नाही, हेही तितकेच सत्य आहे.

आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये या निबंधावर हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची चुलती, याची खातरजमा संशोधकांनी केली नव्हती, असा मंत्रालयाचा आक्षेप होता. हा आक्षेप आम्हांला पोकळ वाटत नाही. क्रिस्पामुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे परदेशांतून आलेली आहेत, आणि रस्त्याकडेची वेल ओढून आणणारा माणूस वनस्पतिशास्त्रज्ञ नसतो. परंतु पुढे २०२२ साली देशातील १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि तीतही तोच आकृतिबंध दिसला; शिवाय मिळालेल्या नमुन्यांच्या तपासणीत ती वनस्पती गुळवेलच निघाली, असे त्या संशोधकांनी नोंदविले. मंत्रालयाने तेही मान्य केले नाही. वाद मिटलेला नाही. दोन्ही पक्षांना ओरडताना पाहून आम्हांला वाटते की, यात हार कुणाचीच व्हायला नको होती. वेलीत बळ आहे म्हणूनच ती अपाय करू शकते. ज्यात काहीच नाही, ते औषध कुणालाच काही करत नाही.

याच मुंबईत, याच के. ई. एम.मध्ये, पूर्वीही असे घडून गेले आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील परिणाम ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडला आणि जगभर त्या मुळीला मागणी आली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले गेले. काही वर्षांतच आढळले की, रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांच्या मनाला खोल उदासी घेरते. म्हणून सर्पगंधा खोटी ठरली नाही. तिची मात्रा ठरली, कुणाला देऊ नये ते ठरले, आणि त्या उदासीचा माग काढता काढता मेंदूतील रसायनांचे ज्ञान मात्र पुष्कळ वाढले. चीनच्या तू यूयू यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी जुन्या ग्रंथातील एका सूचनेवरून हिवतापावर आर्टेमिसिनिन शोधले, त्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्याही औषधाला मात्रा आहे, मुदत आहे आणि जोडीला दुसरे औषध आहे.

आमच्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर खरी चिंता आणखी एका ठिकाणी आहे. पावसाळा लागला की उटनूर, इंद्रवेल्लीच्या डोंगरी पाड्यांपासून आदिलाबाद शहरापर्यंत तापाची साथ येते. तो हिवताप असतो, डेंग्यू असतो, विषमज्वर असतो. गुळवेल तापावर सांगितली आहे, म्हणून काढा घेऊन चार दिवस वाट पाहिली जाते, आणि हिवतापाच्या वाईट प्रकारात चार दिवस म्हणजे फार झाले. बोटाच्या टोकावरील रक्ताच्या एका थेंबाने हिवताप आहे की नाही ते पाव तासाच्या आसपास कळते. तो थेंब देऊन मग काढा प्यावा. काढ्याला काही घाई नसते. आयुर्वेदातही ताप सरसकट एक मानलेला नाही; ज्वराचे प्रकार करून वैद्य नाडी पाहत, जीभ पाहत, मग पुडी बांधत. निदान वगळून नुसती पुडी घेतली, तर ती परंपरा म्हणता येणार नाही.

दुसरे असे की, काढा घेत असता अन्नावरची वासना गेली, मळमळू लागले, लघवी चहासारखी गडद झाली किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर काढा त्याच दिवशी थांबवून रक्त तपासून घ्यावे. घरात कुणाला थायरॉइडचा, संधिवाताचा किंवा यकृताचा विकार असेल, त्याने वैद्यांना विचारल्याशिवाय गुळवेल सुरू करू नये. गर्भवती लेकीसुनांना तर कुणाच्या सांगण्यावरून काही पाजू नये. आयुर्वेदीय औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी यंत्रणा आयुष मंत्रालयाने उभारली असून तिचे राष्ट्रीय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे. पण नोंद व्हायची तर रुग्णाने आधी तोंड उघडले पाहिजे. डॉक्टर रागावतील म्हणून आपली माणसे झाडपाल्याचे औषध लपवितात, आणि डॉक्टरही विचारीत नाहीत. आदिलाबादच्या रिम्समध्ये दाखवायला जाताना पिशवीत जुन्या चिठ्ठ्यांबरोबर घरची पुडी आणि वेलीचा पानासकट एक तुकडाही ठेवावा, आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी तो टेबलावर काढून ठेवावा.