न दिसणारी बिभा

"नुसत्या डोळ्यांनी दिसतच नाही, मग त्या ताऱ्याला भारतीय नाव देऊन काय मिळालं?" परवा एका मित्राने विचारलं. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा शनिवारचा खटाटोप.

तारा म्हणजे एचडी 86081. 2019 च्या डिसेंबरात त्याचं नाव 'बिभा' झालं, बिभा चौधुरींवरून. 1940 च्या आसपास देबेंद्रमोहन बोस आणि या बाईंनी दार्जिलिंगच्या उंचीवर फोटोग्राफिक प्लेट ठेवून विश्वकिरणांतले मेसॉन शोधले. युद्धामुळे चांगल्या प्लेट मिळेनात, काम तिथेच अडकलं. पुढे त्याच पद्धतीवर सेसिल पॉवेल यांना 1950 चं नोबेल मिळालं. चौधुरी 1949 मध्ये मुंबईला टीआयएफआरमध्ये आल्या होत्या! इंजिनिअरिंगला आम्ही पायॉन घोकला, पण हे नाव कुणी काढलं नाही. म्हणून मला वाटतं, तारा ठीक आहे, पण पाठ्यपुस्तकात चार ओळी जास्त मोलाच्या.

असो, ताऱ्याकडे येऊ. अंतर सुमारे 340 प्रकाशवर्षं, प्रत 8.7. डोळ्याची मर्यादा सहावी प्रत धरली तर हा त्याहून बारा पट मंद. पण हसू नका राव, आपला सूर्य तिथे नेऊन ठेवला तर तो याच्याही तिप्पट मंद दिसेल.

त्याच्याभोवती गुरूच्या दीडपट वस्तुमानाचा ग्रह फिरतो, नाव 'संतमस', पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने सुचवलेलं. त्याचं वर्ष जेमतेम 2.14 दिवसांचं. ग्रह प्रत्यक्ष दिसलेला नाही. त्याच्या ओढीने तारा सेकंदाला साधारण 200 मीटर वेगाने पुढेमागे डोलतो, विमानाचा वेग समजा, आणि वर्णपटातल्या रेषा तितक्याच सरकतात. 2006 मध्ये तो सापडला तो असा.

बघायचाय? मार्च-एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमारास मघा गाठा. तिथून दक्षिणेला सुमारे सोळा अंश, किंचित पश्चिमेला. 10×50 ची दुर्बीण, हातात नकाशा आणि शहराबाहेरचं आकाश हवं. पिवळा रंग काही जाणवणार नाही, एक फिकट ठिपका दिसेल. ट्रायपॉड मात्र न्या, हात थरथरला की तो हमखास गायब होतो.