महायुद्धांची पुस्तके आणि शिपायाचे नाव

वाचनाची गोडी लागलेल्या माणसाला कधी ना कधी महायुद्धांच्या पुस्तकांची ओढ लागते. रणगाड्यांची चित्रे, लढायांचे नकाशे, सेनापतींच्या आठवणी. रद्दीच्या दुकानात असे जाडजूड ग्रंथ थोडक्या पैशांत मिळून जातात. आम्हीही कारकुनीच्या पगारातून जमेल तशी ही पुस्तके घेतो. एका खोलीच्या घरात ती ठेवायची कुठे, असे घरची मंडळी विचारतात आणि त्यांचे बरोबरच आहे. म्हणून पुस्तके थोडीच, पण पारखून घ्यावीत. घेण्यापूर्वी प्रत्येक पुस्तकाला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, लिहिणारा कोण? विन्स्टन चर्चिल यांनी दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास १९४८ ते १९५३ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध केला. भाषा जोरदार आहे. पण युद्धाच्या बहुतेक काळात इंग्लंडचे पंतप्रधान तेच होते! १९४३ साली बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्यांना या सहा खंडांत नावापुरतीच जागा मिळाली. ज्याने हिशेब लिहिला त्यानेच तो तपासू नये, हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. तरी असे पुस्तक टाकून देऊ नये. त्याच्या शेजारी दुसऱ्या बाजूचे पुस्तक ठेवावे.

दुसरा प्रश्न, पुस्तक छापले केव्हा? जर्मनांचे गुप्त संदेश इंग्लंडातल्या ब्लेचली पार्क येथे उलगडून वाचले जात होते. हजारो माणसे तेथे राबत होती आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. ही गोष्ट १९७४ सालापर्यंत लोकांपासून दडवून ठेवली गेली. त्यापूर्वीच्या पुस्तकांत सेनापतीच्या हुशारीला जे श्रेय दिलेले दिसते, त्यातला काही वाटा या स्त्रियांचा होता. म्हणून पुस्तकाचे साल आधी पाहावे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पुस्तकात नावे कोणाची आहेत? शेवटची नामसूची उघडा. सेनापती सापडतील, मंत्री सापडतील, लढाऊ जहाजेही सापडतील. शिपाई कुठे आहे? इतिहास असाच लिहावा लागतो, असे कोणी म्हणेल. पण ते खरे नाही. पहिल्या महायुद्धाचा ऑस्ट्रेलियाचा अधिकृत इतिहास १९२० ते १९४२ या काळात बारा खंडांत निघाला. संपादक होते चार्ल्स बीन. मजकुरात साधा शिपाई आला तरी ते तळटीप देत. त्याचे नाव, नंबर, पलटण, गाव आणि धंदा. कोणी शेतमजूर, कोणी खाणकामगार, कोणी कारकून. मनात आणले तर शिपायालाही इतिहासात जागा देता येते.

आता आपल्याकडे पाहू. पहिल्या महायुद्धात भारतातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली आणि सुमारे ७४ हजार परतली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य पंचवीस लाखांच्या घरात पोचले. त्याचा अधिकृत इतिहास बिशेश्वर प्रसाद यांच्या संपादनाखाली अनेक खंडांत निघाला आहे. कोणती पलटण कोठे लढली हे त्यातून कळते. आपल्या गावचा माणूस मात्र क्वचितच भेटतो.

आपल्या समाजाची गोष्ट तर आणखी वेगळी. इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभारली आणि १९२१ मध्ये ती मोडली. काम होते तोवर बोलावले, काम संपताच घरी पाठवले! बाबासाहेबांनी या अन्यायाविरुद्ध सतत आवाज उठवला. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. त्या वेळी भरती झालेल्यांची मुले आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याबरोबर आठवणीही जातील.

म्हणून आमचे सांगणे आहे की, पुस्तकांच्या जोडीने घरातले कागद जमवा. डिस्चार्जचा कागद, पेन्शनची चोपडी, गणवेशातला फोटो, पदक. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचे नाव, नंबर आणि पलटण कोरलेली असते. किती तरी पदके चांदीच्या भावाने सोनाराकडे गेली! घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका वहीत नाव, गाव, पलटण, साल आणि कोणी सांगितले ते लिहून ठेवा. मग ती पलटण इतिहासाच्या खंडात शोधा. जे युद्धात कामी आले त्यांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत मोबाईलवरही फुकट पाहता येतात. बऱ्याच नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही आहे.

चर्चिलचे खंड उद्याही रद्दीत मिळतील. आजोबांचा डिस्चार्जचा कागद एकदा रद्दीत गेला की गेला. येत्या रविवारी माळ्यावरची पेटी उघडा आणि मुलांना जवळ बसवा.