फोनची किंमत धानात मोजा

नव्या फोनची किंमत रुपयांत ऐकली की परवडेल असं वाटतं, किस्तीत ऐकली की आणखीच स्वस्त वाटते. म्हणून दुकानात आलेल्या शेतकऱ्याला मी ती धानात सांगतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. वीस हजारांचा फोन म्हणजे जवळपास साडेआठ क्विंटल धान. चिखलणी, रोवणी, निंदण, कापणी आणि चुरणे, एवढे सगळे कष्ट त्या फोनच्या डब्यात जातात.

तुमसरात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळीनंतरच्या मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, आटोपतात, खरेदी केंद्रावर धान मोजून होतं, चुकारे खात्यात पडू लागतात आणि चांगले चालणारे फोन माझ्याकडे विकायला येऊ लागतात. मोहाडीकडचे एक काका असेच मुलाला घेऊन आले. ‘‘भाऊ, पोरगा मनते का आता नवाच पायजे.’’ फोन अडखळत होता, चार्जिंग दुपारीच संपत होतं. उघडून पाहिलं तर बॅटरी फुगायला लागलेली आणि मेमरी व्हिडिओंनी गच्च भरलेली. बॅटरी बदलली, मेमरी मोकळी केली. खर्च आला अर्ध्या क्विंटल धानाइतका.

लिथियमची बॅटरी काहीशे वेळा चार्ज झाली की तिची साठवण घटते. आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात ती आणखी लवकर थकते. अनेकदा थकलेली असते ती बॅटरी आणि बदलला जातो तो अख्खा फोन.

मुलांच्या हट्टाला मी नावं ठेवत नाही. बटणाच्या फोनवरून स्मार्टफोनवर आलो तेव्हा आयुष्य खरंच बदललं. पैशांचा व्यवहार, सातबारा, परीक्षेचा अर्ज, सगळं हातात आलं. त्या बदलाची ओढ रास्त होती. पण गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या फोनमध्ये तेवढं अंतर राहिलेलं नाही. कॅमेऱ्याचा आकडा वाढतो, मागचा रंग बदलतो आणि कॉलेजातल्या चारचौघांत जुना फोन काढायची लाज मात्र वाढत जाते. ती लाज जाहिरातींनी पेरलेली आहे.

याचा सगळा भार ग्राहकावर टाकणंही बरोबर नाही. काही फोन खरोखर बदलावे लागतात, कारण कंपनी सुरक्षेचे अपडेट बंद करते आणि पुढे बँकेचं ॲप उघडेनासं होतं. बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते. अस्सल सुटा भाग छोट्या गावापर्यंत पोहोचत नाही. बॅटरी जुनी झाल्यावर अपडेटमुळे आयफोनचा वेग कमी होऊ शकतो, हे ग्राहकांना सांगितलं नाही म्हणून फ्रान्समध्ये ॲपलला २०२० साली अडीच कोटी युरोंचा दंड भरावा लागला. वस्तू किती टिकणार हे विकणाराच ठरवू लागला, तर घेणाऱ्याच्या संयमाला काय अर्थ राहतो?

आमच्या तालुक्यात डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण आहे. तिथलं खनिज कोरड्या सेलच्या कारखान्यांना जातं. एका सेलमागे केवढी जमीन खोदली जाते हे आम्ही जवळून पाहतो. फोनसाठी लागणारं लिथियम, कोबाल्ट, तांबंही कुणाच्या तरी गावातूनच निघतं. म्हणून चालता फोन टाकून देणं मला नुसती पैशांची उधळपट्टी वाटत नाही, तो अन्याय वाटतो.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम लागू केला आहे. फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. फोन दुरुस्तीला किती सोपा, याची श्रेणीही लेबलवर छापावी लागते. आपल्या केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीनेही मे २०२५ मध्ये दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाचा अहवाल दिला आहे. तो निर्देशांक सक्तीचा झाला पाहिजे आणि अस्सल सुटे भाग माझ्यासारख्या तालुक्यातल्या कारागिराला रास्त भावात मिळाले पाहिजेत.

तोवर दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. अपडेट किती वर्षं मिळतील? बॅटरी बदलायला किती पैसे लागतील? डिस्प्ले फुटला तर भाग कुठे मिळेल? आणि त्याआधी हातातला फोन एकदा उघडून तपासून घ्या.

धानाच्या बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती किती, हे छापल्याशिवाय ती विकता येत नाही. शेतकऱ्याची फसवणूक होऊ नये म्हणून कायद्याने ते बंधन घातलं. त्याच शेतकऱ्याचे साडेआठ क्विंटल धान घेणाऱ्या फोनच्या डब्यावर त्या फोनचं आयुष्य छापायला लावणं हे सरकारचं कर्तव्य आहे, आणि ते मागणं हा आपला हक्क आहे.