निरोप्या नेमका कोण?

शाळेच्या विज्ञानात एमआरएनएला 'संदेशवाहक आरएनए' म्हणतात. मी आयुष्यभर भाषा शिकवली, विज्ञान नाही. पण हा शब्द मला खटकतो. पेशीनं कोणतं प्रथिन बनवायचं हे ज्यात लिहिलंय तो आरएनए म्हणजे निरोप. निरोप्या नव्हे. चिठ्ठीलाच पोस्टमन म्हणायचं का?

'मेसेंजर' हे नाव १९६१ साली पॅरिसच्या झाकोब आणि मोनो यांनी दिलं. त्यांचं काम जीवाणूंवर. जीवाणू म्हणजे एका खोलीचं बिऱ्हाड. चिठ्ठी लिहून पुरी व्हायच्या आत वाचायला सुरुवात! तिथे पोस्ट कशाला हवं? पण आपली एखादी मज्जापेशी पाठीच्या कण्यापासून पावलापर्यंत, मीटरभर लांब असते. केंद्रकात लिहिलेल्या चिठ्ठ्या तिच्या टोकांकडे जातात त्या प्रथिनांच्या पुरचुंडीत बांधून. दुसरी प्रथिनं ही पुरचुंडी रुळांसारख्या सूक्ष्मनलिकांवरून ओढत नेतात. आणि वेळ येईपर्यंत चिठ्ठी उघडू न देणं, हेही बांधणाऱ्यांचंच काम.

एफएमआरपी हे असंच एक बांधणारं प्रथिन. ते शरीरात तयारच झालं नाही तर 'फ्रॅजाइल एक्स' हा जन्मजात विकार होतो. चिठ्ठ्यांतला मजकूर बिनचूक, पण त्या भलत्या वेळी उघडतात आणि मूल बुद्धीच्या वाढीत मागे राहतं. मागे पडणाऱ्या पोरांना सरसकट 'मठ्ठ' म्हणून बाकावर उभं करणारे शिक्षक मी पाहिलेत. त्यांतल्या एखाद्याचं असंच काही असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

बटाट्याची गोष्ट तर आपल्या पुण्यापर्यंत येते. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठात डेव्हिड हॅनपेल यांच्याबरोबर यावर काम केलेले अंजन बॅनर्जी पुढे पुण्याच्या आयसरमध्ये आले. दिवस लहान झाले की पानातली 'बेल-५' नावाची आरएनएची चिठ्ठी रसवाहिन्यांतून मातीखालच्या फुटव्यांच्या टोकाशी जाते, आणि तिथे बटाटा धरतो. तिला सांभाळून नेणारी प्रथिनं चिठ्ठीचा शेवटचा भाग पकडतात. त्या भागाचं प्रथिन बनतच नाही. तो मजकूर नव्हे, पत्ता आहे म्हणा ना! औरंगपुऱ्याच्या मंडईत बटाटे निवडताना हल्ली मला हे आठवतं. सौ.ला काय सांगणार!

कुणी म्हणेल, डीएनएचा मजकूर घेऊन बाहेर येतो म्हणून 'वाहक'. ठीक आहे. मग त्याला उचलून नेणाऱ्या प्रथिनांना काय म्हणाल? माझ्या मते 'संदेश-आरएनए' एवढं पुरे. 'वाहक' प्रथिनांसाठी राखून ठेवावा. वाचणाऱ्यांत कुणी विज्ञानाचे शिक्षक असतील तर त्यांनी जरूर भांडावं.